काडतुसाची निवड

बोरिवलीच्या पूर्वेस किंवा मुलुंडच्या पश्चिमेस डोंगराला लागून असलेल्या एखाद्या वसाहतीत अधूनमधून सकाळी बातमी उठते की, रात्री आवारात बिबळ्या येऊन गेला. रखवालदार पाहिल्याचे सांगतो, कोणाचे तरी कुत्रे नाहीसे झालेले असते, माणसे जमतात, वनखात्याकडे निरोप जातो. अशा घोळक्यात एखादे वयोवृद्ध गृहस्थ हमखास म्हणतात, “पूर्वीचे दिवस असते, तर एका गोळीत निकाल लागला असता!” आजचे आमचे विवेचन या एका वाक्याभोवती आहे. एका गोळीत निकाल लागतो काय? कोणत्या गोळीने लागतो? आणि न लागला, तर पुढे निकाल कोणाचा लागतो?

हा प्रश्न शिकाऱ्यांनी स्वतःही पुष्कळ घोळला आहे, आणि सर्वांत अधिक बारकाईने घोळला तो आफ्रिकेच्या माळरानावरील शिकारीसंबंधी. तेथे एकाच सकाळी चाळीस-पन्नास किलो वजनाचे इंपाला हरीण, दोन-अडीचशे किलोचा कुडू, तीनशे किलोचा झेब्रा आणि सातआठशे किलोंपर्यंत वाढणारा ईलंड अशी सर्व जनावरे समोर येऊ शकतात. बरोबर बंदूक एक, काडतूस एक, आणि जनावरे मात्र दहा प्रकारची. तेव्हा काडतूस कोणते न्यावे, हा वाद तिकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आपल्या उपनगरांत बसून त्याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आफ्रिकेत कोणते काडतूस चालावे याचा निर्णय काही अंशी हिंदुस्थानातील एका सरकारी बंदीने झाला, आणि त्या वादातून निघालेला धडा आपल्या परसातल्या रानालाही लागू पडतो.

‘काडतूस’ हा शब्दच मुळी परदेशी. तो पोर्तुगीज ‘कार्तूशो’वरून आपल्याकडे आला, असे सामान्यतः मानतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सर्व गावे ज्या साष्टी बेटावर वसली, ते बेट दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. १७३७ साली मराठ्यांनी ते घेतले, १७३९ साली वसई घेतली आणि १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली. काडतूस म्हणजे मूळ कागदाची पुडी. तिच्यात मोजून घातलेली दारू आणि शिशाची गोळी. शिपाई पुडी दाताने फाडी, दारू नळीत ओती आणि वरून गोळी ठाशी. एन्फिल्ड बंदुकीच्या याच पुडीला लावलेल्या चरबीवरून १८५७ साली काय घडले, ते आपणांस ठाऊकच आहे.

त्या एन्फिल्डच्या नळीचे माप इंचाच्या ५७७ सहस्रांश एवढे होते. गोळीचे वजन सुमारे ५३० ग्रेन, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ तीन तोळे. ती शुद्ध मऊ शिशाची आणि संथ चालीची असे. काळ्या दारूत जोर बेताचाच. त्यामुळे मोठे जनावर पाडावयाचे तर गोळी अधिकाधिक जड करणे हाच एक उपाय होता. नाईल नदीचे उगम शोधण्यासाठी हिंडलेला सॅम्युएल बेकर याच्यापाशी अर्धा पौंड, म्हणजे सुमारे वीस तोळे वजनाचा स्फोटक गोळा फेकणारी बंदूक होती. तिला त्याने लाडाने ‘बाळ’ असे नाव दिले होते. ते बाळ उडविले की धनी स्वतः गर्रकन फिरे. म्हणून तो ते क्वचितच उडवी.

नंतर दोन शोध लागले. १८६६ च्या सुमारास पितळी काडतूस आले आणि बंदूक मागून भरता येऊ लागली. धुराविना जळणारी ‘कॉर्डाइट’ दारू ब्रिटिश लष्करात १८९१ साली आली. तिच्या जोरामुळे गोळी लहान, पण वेगवान करता येऊ लागली. १८८८ साली स्वीकारलेल्या .३०३ बंदुकीची गोळी २१५ ग्रेनची, म्हणजे जेमतेम सव्वा तोळ्याची. तिचा वेग सेकंदाला सुमारे २,००० फूट, एन्फिल्डच्या दुपटीहून अधिक. अशा वेगात नुसते शिसे नळीतच खरवडले जाते, म्हणून गोळीवर कठीण धातूचे कवच चढवावे लागले. आमच्या विषयाचे मर्म या कवचात आहे.

गोळीचे काम नुसते लागणे हे नव्हे. जनावर तत्काळ मरावयाचे तर गोळीने काळजापर्यंत किंवा फुप्फुसांपर्यंत पोचले पाहिजे आणि तेथे पोचल्यावर आपला सर्व जोर खर्च केला पाहिजे. मऊ गोळी लवकर पसरते. पण जाड कातडे आणि खांद्याचे हाड आडवे आले की वरच्यावर फुटून जाते. पूर्ण कवचाची गोळी हाड भेदून खोल जाते. पण लहान हरणाच्या अंगातून ती सुईसारखी आरपार निघते, आणि हरीण अर्धा कोस पळून झुडपात कुठे तरी तासन् तास तडफडत मरते. म्हणून ‘माळावर कोणते काडतूस’ या प्रश्नाचे खरे उत्तर नळीच्या मापात नसून गोळीच्या घडणीत आहे. तिचे टोक किती उघडे, कवच किती जाड, पसरल्यावर ती एकसंध राहते की तिचे तुकडे होतात, हे पाहावे लागते.

या घडणीच्या इतिहासात हिंदुस्थानचे नाव जगाच्या भाषांत जाऊन बसले आहे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश सैनिकांची तक्रार आली की, नवी .३०३ गोळी अंगातून निघून जाते, पण माणूस थांबत नाही. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. ती आत जाऊन पसरे आणि भयंकर जखम करी. १८९९ साली हेग येथे भरलेल्या परिषदेने अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा ठराव केला. मौज अशी की, जी गोळी माणसावर झाडणे अमानुष ठरले, तीच शिकारीत भूतदयेची ठरली. विसंगती वाटते, पण विचार केला तर उलगडा होतो. युद्धात जखमी शिपाई लढाईतून दूर झाला की काम भागते. तो वाचावा अशीच इच्छा असावी. शिकारीत जखमी जनावर ही सर्वांत वाईट गोष्ट. तेथे एकतर गोळी चुकावी, नाही तर प्राण घ्यावा. मधली स्थिती नको.

आता त्या बंदीकडे वळू. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले; युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. खाजगी माणसांस लष्करी मापाची बंदूकही मिळत नसे, कारण ती काडतुसे सैन्याच्या कोठारातून चोरीस जाण्याची भीती. १९०७ च्या सुमारास सरकारने याच्याही पुढचे पाऊल टाकले. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका बंडखोरांच्या हाती पडल्या होत्या आणि त्यांच्या नळीचे माप होते .४५०. तेव्हा त्या मापाच्या शिकारी बंदुका व काडतुसे हिंदुस्थानात आणि सुदानात आणण्यास मनाई झाली. वस्तुतः .४५० हे त्या काळी मोठ्या शिकारीचे अत्यंत लोकप्रिय काडतूस होते. लंडनच्या बंदूककारांचे केवढे गिऱ्हाईक बुडाले असेल, याची कल्पना करा. त्यांनी युक्ती काढली. माप किंचित बदलून .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे त्यांनी बाजारात आणली. कायद्याच्या अक्षरास धक्का नाही, आणि वाघ-हत्तींच्या दृष्टीने फरकही नाही! हिंदुस्थानासाठी एक आणि आफ्रिकेसाठी दुसरे माप असा दुहेरी खटाटोप बहुतेकांना परवडेना, म्हणून हीच मापे आफ्रिकेत गेली. पावणेतीन तोळ्यांची गोळी फेकणारे .४७० हे काडतूस पुढे आफ्रिकेतील हत्ती-रेड्यांच्या शिकारीचे प्रमाण मानले गेले. त्याच्या जन्माचे कारण हिंदुस्थानातील बंडाचे भय होते, हे आज क्वचितच कोणाच्या ध्यानात असते.

ही परंपरा स्वराज्यातही काही काळ चालली. इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात खाजगी परवानेदारांसाठी जी रायफल तयार होऊ लागली, ती .३०३ ची नव्हे, तर .३१५ मापाची, कारण तेच, लष्करी माप नको. १८६९ साली स्थापन झालेल्या आपल्या खडकीच्या कारखान्यात त्या मापाची काडतुसे होऊ लागली. म्हणजे शिकाऱ्याने कोणते काडतूस निवडावे, याची निवड बरेचदा शिकाऱ्याच्या आधी सरकारनेच केलेली होती.

मोठ्या मापांचे हे झाले. माळावरच्या हरणांसाठी मात्र एवढ्या जड काडतुसाचा उपयोग नाही. तेथे अंतर मोठे असते. सेकंदाला २,००० फुटांनी निघालेली गोळी तीनशे यार्ड जाण्यास सुमारे अर्धा सेकंद घेते, आणि तेवढ्यात ती चार फुटांच्या आसपास खाली येते. अंतराचा अंदाज थोडा चुकला की काळजावर धरलेला नेम पोटात किंवा पायात बसतो. म्हणून माळाला वेगवान आणि हलकी गोळी बरी. जर्मन माउझर कारखान्याचे १८९२ चे सात मिलिमीटर काडतूस, ज्याला इंग्रज .२७५ म्हणत, ते या कामी नावाजले. त्याहून मोठ्या जनावरांसाठी हॉलंड कंपनीने १९१२ साली .३७५ आणले. त्याची गोळी तीनशे ग्रेनची, म्हणजे एक तोळा आठ मासे. हरणापासून रेड्यापर्यंत सर्वत्र चालणारे काडतूस म्हणून त्याची ख्याती झाली, आणि पुढे काही आफ्रिकी देशांत धोकादायक जनावरांसाठी याहून लहान माप वापरू नये, असे नियमही झाले.

येथे एक मनुष्य नेहमी पुढे केला जातो. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यांतील बहुसंख्य याच सात मिलिमीटरच्या, तोळाभराहूनही हलक्या गोळीने. मग जड काडतुसाची गरज काय? परंतु बेलने हत्तीच्या डोक्याची रचना अभ्यासली होती, मेंदू नेमका कोठे हे त्यास ठाऊक होते, आणि गोळी तो पूर्ण कवचाचीच वापरी. त्याचे काडतूस उचलून त्याचे ज्ञान न उचलणारे कित्येक पुढे पस्तावले. काडतूस लहान असो वा मोठे, जनावराच्या शरीराचे ज्ञान आणि नेम न धरण्याचा संयम ही दोन्ही बरोबर नसतील, तर ते निरुपयोगी.

आणि नुसते निरुपयोगी नव्हे, घातक. आजच्या विषयात आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच. १९०७ साली, म्हणजे .४५० वर बंदी आली त्याच सुमारास, कुमाऊँमधील चंपावत येथे जिम कॉर्बेटने एक नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. मेल्यावर कॉर्बेटने तिचे तोंड उघडून पाहिले, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. कोणाच्या तरी जुन्या बंदुकीच्या जखमेचा तो परिणाम होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. नेहमीचे भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली. ती गोळी कोणी झाडली, कोणत्या काडतुसाची होती, हे आता कळणार नाही. झाडणारा घरी गेला आणि किंमत मोजली गवत कापणाऱ्या, लाकडे गोळा करणाऱ्या बायकांनी. त्यांनी तर बंदूक पाहिलीही नसेल.

आफ्रिकेतही याहून वेगळे घडत नव्हते. १८९८ साली युगांडा रेल्वेच्या त्सावो येथील पुलावर हिंदुस्थानातून नेलेले मजूर काम करीत असता दोन सिंहांनी उच्छाद मांडला. पॅटर्सन या अभियंत्याने त्यांस मारले खरे. परंतु एके पहाटे सिंह अगदी समोर असता त्याने मागून आणलेल्या मोठ्या बंदुकीचे काडतूस उडालेच नाही. नुसता खट् असा आवाज झाला. त्या दोन सिंहांनी मारलेल्या हिंदी मजुरांची संख्या पॅटर्सनने २८ दिली आहे. आफ्रिकी मजुरांची गणतीच ठेवली नव्हती. बंदूक साहेबाच्या हाती आणि तंबू मजुरांचे, ही वाटणी दोन्ही खंडांत सारखीच.

आपल्या साष्टीकडे पाहू. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशी त्यानंतर १८७९ साली. त्या पाणलोटाच्या रक्षणामुळे भोवतालचे रान टिकले. सांबर, चितळ, भेकर, रानडुक्कर, बिबळ्या येथे होतेच. १९२९ सालीही साष्टीत एक वाघ मारला गेल्याची नोंद आहे. हे रान म्हणजे आफ्रिकेचा माळ नव्हे. करवंदीच्या जाळ्या, बांबूची बेटे, वीस-तीस पावलांपलीकडे काही दिसणार नाही. येथे वेगवान रायफलपेक्षा दुनळी बंदूक आणि मोठ्या छऱ्यांचे काडतूस लोकांना सोयीचे वाटे. छरे पसरतात, म्हणून काही तरी लागतेच. परंतु काही तरी लागणे हेच संकट! बिबळ्याच्या अंगात चार छरे बसतात, तो जाळीत शिरतो, आणि मग प्रश्न उभा राहतो की, जाळीत पुढे कोणी जावयाचे? जाणत्या शिकाऱ्यांचा दंडक असा की, ज्याने जखमी केले त्यानेच मागावर जावे, हाकाऱ्यांस पुढे करू नये. दंडक पुस्तकात लिहावा लागला, यावरूनच तो मोडला जात होता हे उघड आहे. ठाणे जिल्ह्याच्या रानांत हाकारे म्हणजे वारली, कातकरी, ठाकूर. हातात काठी आणि डबा, मजुरी आण्यांची. माचाणावरील धन्याने निवडलेल्या काडतुसाची परीक्षा त्यांच्या अंगावर होत असे.

आमच्या मते शिकारीच्या काडतुसाचा सगळा इतिहास या एका कसोटीवर घासून पाहावा : चुकीची किंमत कोण मोजतो? जनावर मोजते, हाकारा मोजतो, रानाकाठचे गाव मोजते. बंदूक धरणारा सर्वांत कमी मोजतो. त्यांतल्या त्यात प्रामाणिक शिकारी ज्या तळमळीने गोळीचे टोक आणि कवच यांवर वाद घालीत, ती तळमळ या अन्यायाची जाणीव असल्याचेच लक्षण होते.

ही जाणीव पुढे वाढली, आणि ती वाढविण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १८८३ साली मुंबईत आठ गृहस्थांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले डॉक्टर होते. सभासदांत शिकारी पुष्कळ. संस्थेच्या नियतकालिकात शिंगांची मापे आणि शिकारीच्या हकीकती येत. पण मोजता मोजता जनावरे कमी होत चालल्याचेही त्यांना दिसले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी हातात घेऊन ती कोणत्या जातीची हे विचारण्यासाठी एक मुलगा या संस्थेत गेला, आणि पुढे तो पक्षितज्ज्ञ सालिम अली झाला. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, १९७२ साली देशाचा कायदा झाला, आणि शिकाऱ्याच्या काडतुसाचा प्रश्न आपल्यापुरता मिटला. आफ्रिकेत केनियाने १९७७ साली शिकार बंद केली. इतर काही देशांत ती परवान्याने आजही चालते, आणि तेथे हा वादही चालू आहे.

आपल्याकडे तो खरोखर मिटला काय? आज बिबळ्या वस्तीत अडकला की वनखात्याचा पशुवैद्य बंदूक घेऊनच येतो. तिच्यात गोळीऐवजी गुंगीच्या औषधाची सुई असते. त्यालाही निवड करावीच लागते. जनावराचे वजन किती धरावे, औषध किती भरावे, अंतर पाहून दाब किती ठेवावा? औषध थोडे पडले तर अर्धवट गुंगीतला बिबळ्या गर्दीत शिरतो. अधिक पडले तर मरतो. दाब जास्त झाला तर सुई हाड मोडते. योग्य माप पडले तरी गुंगी चढण्यास काही मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ जमाव शांत राहिला पाहिजे. म्हणजे जुना हाकारा आता आपण झालो आहोत.

आणि नेम अचूक बसला तरी काम संपत नाही. २००२ ते २००४ या काळात बोरिवलीच्या उद्यानाभोवती बिबळ्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसे दगावली. एका ठिकाणी पकडलेले बिबळे दुसरीकडे नेऊन सोडल्याने संकट कमी न होता वाढते, असे अभ्यासकांचे मत त्यानंतर पुढे आले. कचरा उचलणे, मोकाट कुत्री आटोक्यात ठेवणे, रात्री दिवा लावून मुलांस सोबत देणे, या साध्या गोष्टींनी अधिक साधते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या रानातील पाड्यांवरचे वारली पिढ्यान् पिढ्या वाघोबाला पुजतात. ते अंधारात जपून चालतात, आणि त्याची वाट कोणती हे ओळखून असतात.

तेव्हा त्या वयोवृद्ध गृहस्थांस आमचे नम्रपणे एवढेच सांगणे आहे की, पूर्वीच्या दिवसांतही एका गोळीत निकाल क्वचितच लागत असे. ज्यांचा खरोखर लागे, ते फार अभ्यास करीत आणि पुष्कळदा गोळी न झाडताच परत येत. बाकीच्यांच्या गोळीचा हिशोब रानाकाठचे लोक पुरा करीत. आज रानाच्या काठी आपली घरे आहेत. हिशोब आपल्या दाराशी आलेला आहे, आणि तो काडतुसाने पुरा होण्यातला नाही.